हंबीररावांच्या तुळईखाली

मी एक जॅक. गाडीखाली घालतात तो. पण तुमच्या डोळ्यांपुढं आता तेलावर चालणारा चकचकीत जॅक आला असेल, तर तो मी नव्हे. मी जुन्या पिढीतला, हातानं फिरवायचा. बरणीच्या आकाराचं बिडाचं अंग, पोटात जाड पोलादी स्क्रू, वर लोखंडी टोपी आणि टोपीखाली दांडा घालायला चार भोकं. दांडा फिरवला की स्क्रू वर येतो आणि त्याच्याबरोबर डोक्यावरचं ओझंही. माझी ताकद पाच टन.

पाच टन म्हणजे काय ते मला माहीत आहे, असं मी एकोणतीस वर्षं समजत होतो. खरं काय ते कळलं चौऱ्याण्णव सालच्या जानेवारीत, शिराळ्याच्या पश्चिमेला एका वाडीत, भामाबाई नावाच्या म्हातारीच्या स्वयंपाकघरात. पण आधी तिथवर कसा पोचलो ते सांगतो.

माझा जन्म सांगलीचा. एका लहानशा फाउंड्रीत लाल रस साच्यात ओतला आणि थंड झाल्यावर जो निघाला तो मी. काळाकुट्ट, खडबडीत. लेथवर चढवून कुणीतरी माझे आटे कापले तेव्हा अंगावरून चांदीसारखा कीस गळत होता. स्क्रू पहिल्यांदा फिरला तेव्हा कारागीर स्वतःशीच म्हणाला, "जमलं." त्याचं नाव मला ठाऊक नाही.

मला घेतलं रामगोंडा पाटलांनी. सांगलीजवळचे जैन शेतकरी, घरचा एक ट्रक. हळदीची पोती भरून ते कुठं कुठं जायचे. मी ड्रायव्हरच्या सीटखाली गोणपाटात गुंडाळलेला. पंक्चर झालं की मला बाहेर काढायचे, एक शिवी टायरला द्यायचे, एक रस्त्याला द्यायचे. मला मात्र कधी दिली नाही. वीस वर्षं मी हळदीच्या वासात जगलो.

मग ट्रक विकला. नव्या मालकाकडं तेलाचा जॅक होता, त्यामुळं मी मागं राहिलो. रामगोंडांच्या पत्नी चंपाबाई व्यवहारी बाई. वाऱ्यानं वखारीचं दार आपटायचं, म्हणून त्यांनी मला दाराला लावून ठेवलं. नऊ वर्षं मी दार धरून उभा होतो. माणसांची ही एक सवय मी पाहिली आहे. वस्तू टाकवत नाही आणि वापरवतही नाही. मग तिला कुठल्यातरी दाराशी ठेवतात.

त्र्याण्णवच्या डिसेंबरात एका सकाळी वारणेच्या खोऱ्यात जमीन हलली. सांगलीपर्यंत भांडी वाजली. दोनच महिन्यांपूर्वी लातूरकडं काय झालं ते सगळ्यांनी पेपरात पाहिलं होतं, त्यामुळं बराच वेळ कुणी घरात परतलं नाही. इकडं तेवढी हानी झाली नाही. पण डोंगराकडच्या वाड्यांत दगडमातीच्या भिंती फुगल्या, काही ढासळल्या, आणि माणसं ऐन थंडीत अंगणात झोपू लागली.

आठवड्याभरात देवदत्त सातपुते वखारीत आले. मिरजेला रेल्वेत फिटर होते, नुकतेच निवृत्त झालेले. बारीक अंगाचा, कमी बोलणारा माणूस. रामगोंडांचा विहिरीवरचा पंप तेच दुरुस्त करायचे, तेवढी ओळख. ते आले होते ताडपत्री मागायला.

"आमच्या चर्चची चौदा माणसं जाणार आहेत अण्णा," ते म्हणाले. "दर शनिवार-रविवार. घरं नीट करून द्यायची. नवी बांधायची ऐपत नाही आमची, पण उभी आहेत ती पडू नयेत एवढं बघायचं."

"चौदा जण? गवंडी किती त्यात?"

"एकही नाही. तीन नर्स आहेत, दोन कारकून, एक पाववाला, एक शिंपी..."

रामगोंडा मोठ्यानं हसले. "मग घराला टाके घालता का काय?"

देवदत्तही हसले. आणि हसता हसता त्यांची नजर खाली माझ्यावर पडली. ते उकिडवे बसले, मला उचललं, अंगठ्याच्या नखानं आट्यांतली माती काढली.

"हा चालतो का अण्णा?"

"दार धरायला चालतोय की."

देवदत्तांनी टोपी फिरवली. ती कुरकुरली, अडली आणि मग फिरली. नऊ वर्षांनी माझा स्क्रू बोटभर वर आला. काय वाटलं सांगू? खोलीत कोंडलेल्या माणसाला अंगणात आणल्यावर वाटेल तसं.

"घेऊन जा," रामगोंडा म्हणाले. "दाराला दगड लावतो मी." चंपाबाईंनी आतून रॉकेलचा बोळा आणून मला स्वतःच्या हातानं पुसलं.

टेम्पोतून आम्ही निघालो. शिराळा मागं पडलं, डोंगर जवळ आले. मी ट्रकमधून मुलूख पुष्कळ हिंडलो होतो, पण सीटखालून. त्या दिवशी देवदत्तांनी मला मांडीवर घेतलं होतं, म्हणून पहिल्यांदा सह्याद्री पाहिला. एवढं ओझं कुणी उचललं असेल, आणि कशावर टेकवलं असेल, असं मनात आलं. तो डोंगर आठ दिवसांपूर्वी हलला होता.

वाडीच्या तोंडाशीच नानासो उभे होते. गावचे पुढारी. हाताची घडी घातलेली.

"मदत करा, न्हाई म्हणत न्हाई," ते म्हणाले. "पर आमच्या लोकांच्या डोक्यात काय भरवायचं न्हाई. आदीच सांगून ठेवतो."

"नानासो," देवदत्त शांतपणे म्हणाले, "आमच्याच डोक्यात सध्या कौलं आणि वासे आहेत. दुसरं काही भरायला जागा नाही."

नानासो हसले नाहीत. पण वाटेतून बाजूला झाले.

पहिले दोन शनिवार-रविवार या चौदा जणांनी फक्त हात सोलून घेतले. वाडीतला म्हातारा गवंडी त्यांना थापी धरायला शिकवत होता. नर्सबाईंचे ओट्याच्या ओळीतले दगड सगळ्यांत सरळ बसले, तेव्हा गवंडी म्हणाला, "ह्या बाया भिंतीला सुई टोचल्यावानी दगड बसिवत्यात." रविवारी सकाळी ही मंडळी शाळेच्या ओट्यावर तासभर उपासना करायची. पेटी होती, टाळ होते. वाडीतल्या बायका लांबून ऐकायच्या. "आवं, ह्येंच्यात बी टाळ असत्यात?" असं एकजण दुसरीला म्हणाली ते मी ऐकलं.

भामाबाईंचं घर वाडीच्या वरच्या अंगाला. घरात दोघंच. त्या आणि त्यांचे मालक हंबीरराव. मुलगा मुंबईला. हंबीरराव फौजेतले, पंचाहत्तरीचे, उजवी बाजू लुळी पडलेली. सदा खाटेवर. स्वयंपाकघराची मागची भिंत मधोमध ढासळली होती आणि घराची मुख्य तुळई, जिच्यावर सगळं छप्पर होतं, ती एका चिरलेल्या खांबाच्या जोरावर अर्धवट लोंबकळत होती.

"मी कुनाफुडं हात पसरला न्हाई," हंबीरराव खाटेवरून म्हणाले. "पडू दे घर माज्या अंगावर."

"तुमच्या एकट्याच्याच पडंल व्हय?" भामाबाई आतून म्हणाल्या. "मी काय रानात ऱ्हाती?"

देवदत्तांनी मला पिशवीतून काढलं आणि खाटेवर हंबीररावांच्या डाव्या हाताशी ठेवलं.

म्हाताऱ्यानं माझ्याकडं पाहिलं. मग डावा अंगठा माझ्या आट्यांवरून हळूहळू फिरवला. आजवर मला पुष्कळ हात लागले होते, पण या हाताला मी माहीत होतो.

"थ्रेड चांगला हाय," ते म्हणाले. आवाज बदलला होता. "आमी पूल बांधायचो. गर्डर उचलायला असले आठ लावायचो. आठ जवान, शिट्टीला एक पाव फेरा. एकानं जरी अर्दा फिरवला तर गर्डर गेला नदीत."

"मला पूल बांधता येत नाही," देवदत्त म्हणाले. "इंजिनाखाली जॅक लावलाय, घराखाली कधी नाही. कुठं लावू, किती फिरवू, मला सांगणारं कुणी नाही इथं."

हंबीररावांनी मान वळवून दाराकडं पाहिलं. "खाट अंगनात घ्या," मग ते म्हणाले. "दारासमोर. मला तुळईचं टोक दिसाय पायजे."

असं त्या घराचं काम सुरू झालं. हात पसरणारा आणि देणारा कोण, हे त्यानंतर मला कधी नीट सांगता आलं नाही.

आधी घर रिकामं करायचं होतं. भांडी गेली, कणग्या गेल्या. शेवटी उरला देव्हारा. भामाबाईंच्या हातात पूजेचं साहित्य होतं. त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि देवदत्तांना विचारलं, "भावजी, तुमास्नी चालंल का आमचं देव उचलाय?"

देवदत्तांनी चपला काढल्या. अंगणातल्या घागरीतलं पाणी घेऊन हातपाय धुतले. मग तो लहानसा देव्हारा दोन्ही हातांनी छातीशी धरून ते उंबऱ्यातून बाहेर आले, आणि भामाबाईंनी दाखवलेल्या पाटावर त्यांनी तो ठेवला. नानासो कुंपणाशी उभे होते. त्यांच्या हातांची घडी त्या दिवशी पहिल्यांदा सुटलेली मी पाहिली.

ढासळलेल्या जागी जोत्याचा एक रुंद दगड शाबूत होता. त्यावर मला उभं केलं. माझ्या डोक्यावर सागाचा जाड टेकू, बुडाशी ठोकलेली पाचर, आणि टेकूवर तुळईचं टोक. बेत साधा होता. मी तुळई मूळ जागी उचलायची, दोन्ही अंगांनी भिंत वर आणायची, तुळई भिंतीवर टेकली की मला काढून घ्यायचं आणि राहिलेलं भगदाड बुजवायचं. मग मी पुढच्या घरी. अशी अकरा घरं वाट बघत होती आणि जॅक मी एकटाच होतो.

"पाव!" अंगणातून हंबीरराव ओरडले.

देवदत्तांनी दांडा पाव फेरा फिरवला. छप्पर कण्हलं.

"थांब. घर काय म्हन्तंय ऐक." सगळे ऐकत राहिले. कौलं किणकिणली, माती झरली आणि थांबली. "पाव!"

तीन इंच उचलायला दोन तास लागले. ट्रकचं ओझं मुकं असतं. हे ओझं बोलत होतं. वाशांच्या गाठी सुटत होत्या, जुनी धूळ उडत होती, साठ वर्षांचा धूर माझ्यावर गळत होता. त्या छपराखाली या दोघांचा सगळा संसार झाला होता आणि तो आता माझ्या मनगटाएवढ्या स्क्रूवर उभा होता. शेवटच्या पाव फेऱ्याला उरलेल्या भिंतीत आणि तुळईत एक फट पडली. तिच्यातून उजेडाची सरळ रेघ आत आली आणि चुलीवर पडली. त्या जागी ऊन कधीच आलं नव्हतं. भामाबाईंनी त्या रेघेत हात धरून पाहिला. मी पाच टनांचा, पण त्या क्षणी मला फार लहान झाल्यासारखं वाटलं.

पुढचा शनिवार-रविवार भिंत चढत गेली. नदीकडून घरापर्यंत वाडीची माणसं आणि चर्चची माणसं एका ओळीत उभी राहायची आणि दगड हातोहात यायचा. माझ्यापर्यंत पोचेस्तोवर एकेका दगडाला तीस-चाळीस हात लागलेले असायचे.

त्याच्या पुढच्या रविवारी दुपारी भिंत तुळईपासून वीतभर खाली होती. देवदत्त आत वरचा दगड बसवून पाहत होते. भामाबाई चहा घेऊन आत आल्या. तेवढ्यात कुत्री एकदम केकाटली.

आधी आवाज आला. जमिनीखालून भरलेला ट्रक जावा तसा. मग जोत्याचा दगड माझ्या पायाखाली सरकला.

"भायेर पळा!" अंगणात आरडाओरडा झाला. कौलं धडाधड सुटली. भामाबाईंच्या हातातले कप पडले आणि त्या जागच्या जागी खिळल्या. दाराकडं जायची वाट तुळईखालूनच होती.

माझ्यावरचा टेकू कलला. सगळं ओझं एका कडेला आलं. माझा स्क्रू वाकताना मला कळत होता.

"देवदत्ता!" हंबीरराव खाटेवरून गरजले. "पळू नगंस! टेकू उजवीकडं चाललाय! खांदा लाव, पाचर मार!"

देवदत्त पळाले असते तर त्यांना कुणी बोल लावला नसता. त्यांना घरी बायको होती, नातवंडं होती. त्यांनी टेकूला खांदा लावला आणि एका हातानं हातोडी चाचपू लागले. हातोडी लांब होती. तेव्हा भामाबाई हलल्या. दाराकडं नाही, इकडं. त्यांनी पायानं हातोडी पुढं लोटली आणि दुसऱ्या अंगानं टेकूला पाठ लावून उभ्या राहिल्या. नऊवारीतली सत्तर वर्षांची काटकुळी बाई. पाचरीवर घाव पडला. एक, दोन, तीन.

धक्का किती वेळ होता? नंतर लोक दहा सेकंद म्हणाले. मी मोजले नाहीत. मी फक्त धरून होतो. माझ्या एका बाजूला मिरजेचा फिटर होता आणि दुसऱ्या बाजूला वाडीची म्हातारी, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की पाच टन माझ्यावर नव्हतेच. आम्हा तिघांवर मिळून होते.

मग सगळं थांबलं. धूळ खाली बसली. तुळई जागेवर होती.

"सोडा आता वैनी," देवदत्त म्हणाले.

"तुमी आदी सोडा," भामाबाई म्हणाल्या.

दोघंही कितीतरी वेळ तशीच उभी होती.

संध्याकाळी देवदत्तांनी मला फिरवून पाहिलं. मी हललो नाही. स्क्रू वाकून अंगात रुतला होता. ना वर, ना खाली. गवंडी म्हणाला, टेकू कापून जॅक मोकळा करता येईल. देवदत्तांनी नकारार्थी मान हलवली. दाबाखालचं लाकूड कापायचं म्हणजे जे वाचवलं तेच पुन्हा पणाला लावायचं. आणि वाकलेला जॅक पुढच्या घरी काय कामाचा?

खरं सांगतो, मला लाज वाटली. अकरा घरं वाट बघत होती आणि मी पहिल्याच घरात मोडलो होतो.

चौघांनी हंबीररावांना खाटेसकट आत आणलं. त्यांनी डावा हात लांब करून माझ्या वाकलेल्या स्क्रूवर ठेवला.

"वाकलाय," ते म्हणाले. "पर सोडलं न्हाई त्येनं. ऱ्हाऊ द्या त्येला हितंच. त्येची ड्यूटी हितली हाय."

"आणि बाकीची घरं?" देवदत्त हळूच म्हणाले.

तेवढ्यात दारात धप्प आवाज झाला. नानासो खांद्यावरून काहीतरी खाली ठेवत होते. त्यांच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचा जॅक, माझ्याहून दांडगा.

"ह्यो न्या," ते म्हणाले. "आन् फुडच्या शनवारपास्नं दांडा मी फिरवनार. आबा, पाव फेरा म्हंजी किती, मला बी शिकवा."

हंबीररावांनी त्यांच्याकडं पाहिलं. "आदी हातांची घडी घालायची सोड," ते म्हणाले आणि सगळं घर हसलं.

भिंत बंद करण्याआधी देवदत्तांनी माझ्या सर्वांगाला ग्रीस चोपडलं. आट्यांत, टोपीखाली, सगळीकडं, पुन्हा वापरायचा असल्यासारखं. मग ताडपत्रीचा तुकडा गुंडाळला. फिटरचा हात, हत्याराला गंज लागू द्यायचा नाही. शेवटचा दगड बसवताना ते काहीतरी पुटपुटले. प्रार्थना होती की निरोप, मला कळलं नाही. मग अंधार झाला.

आज अठ्ठ्याण्णव साल आहे. ती अकरा घरं पावसाळ्याच्या आत उभी राहिली, हे मी भिंतीतून ऐकलं. हंबीरराव दोन वर्षांपूर्वी गेले. याच छपराखाली, आपल्या खाटेवर. देवदत्त नागपंचमीच्या सुमाराला येतात. त्यांना आता कमी दिसतं. भामाबाई चहा करतात आणि दोघं गुडघ्यांविषयी, पावसाविषयी बोलतात. माझ्याविषयी कुणी बोलत नाही. त्याची मला गरजही वाटत नाही. चुलीची ऊब भिंतीतून माझ्यापर्यंत येते आणि भाकरी थापल्याचा आवाज येतो. माझ्यासारख्याला यापेक्षा काय हवं?

पण मुलगा मुंबईहून आला की म्हणतो, हे पाडून स्लॅबचं घर बांधू. बांधावं. घरं बदलायचीच. माझी विनंती एवढीच आहे. भिंत फोडाल तेव्हा घण घाईनं घालू नका. आतली सगळी माणसं बाहेर आली का ते एकदा मोजा. आधी तुळईला दुसरा भक्कम टेकू द्या, तो लागला का ते हातानं हलवून बघा, आणि मगच मला काढा. तोवर मी हलत नाही.